कोल्ड स्टार्टची चाचणी

पडद्यावर सतरा क्रमांकाच्या उपग्रहासमोर सिग्नलच्या ताकदीचा एकोणीस हा आकडा होता. सेकंदाभराने तो अठरा झाला, मग पुन्हा एकोणीस. मोकळ्या गच्चीवर ठेवलेल्या रिसीव्हरला हा सिग्नल चाळिशीच्या आसपास मिळायला हवा, हे मैत्रीला पाठ होतं. तनुजाच्या खुर्चीमागे उभी राहून ती आकड्यांपेक्षा तनुजाच्या बोटांकडेच जास्त पाहत होती.

ती बोटं माउसला शिवत नसत. काळ्या पडद्यावर एक ओळ, एंटर, की दुसरी ओळ. चाकणच्या या कंपनीत गाड्यांचे ट्रॅकर तपासायला मैत्रीने चार वर्षांपूर्वी स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. ट्रॅकर जोडायचा, बटण दाबायचं, जागा सापडली की हिरवा दिवा. लाइनवरच्या बायका त्याला ‘मॅडमचा दिवा’ म्हणत. दोन महिन्यांपूर्वी इथल्याच खेड्यातली तनुजा नोकरीला लागली आणि माणसं काळ्या पडद्याभोवती जमू लागली. मॅनेजर सिद्धेश सरसुद्धा चहाचा कप घेऊन तिच्या टेबलापाशी रेंगाळत. मैत्रीच्या टेबलाशी ते नेहमी फाइल घेऊन येत, सही झाली की जात.

“मॅडम, पोरीनं तुमचं दुकान उठवलं बघा,” सुपरवायझर जयसिंग हसत म्हणाले.

“दुकान कंपनीचं आहे,” मैत्री म्हणाली. तिलाच तिचा आवाज कोरडा वाटला.

एकदा जागा सापडली की डोक्यावर कोणते उपग्रह आहेत हे ट्रॅकरमधला रिसीव्हर काही तास लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी चार सेकंदांत जागा सांगतो. तनुजाने आज एका कमांडने पाच ट्रॅकरांची ती आठवण पुसून टाकली होती; यालाच कोल्ड स्टार्ट म्हणतात. कोऱ्या रिसीव्हरला पस्तीसेक सेकंद पुरायला हवेत. सहा मिनिटं झाली तरी पाचपैकी तीन ट्रॅकर शोधतच होते.

“तुझ्या कमांडीतच घोळ हाय,” जयसिंग म्हणाले. “मॅडमच्या दिव्यावर चारशेच्या चारशे पास झालेत. शाळेच्या बसचा माल हाय, चारला गाडी लागतीय.”

घोळ कुठे आहे ते मैत्रीला ठाऊक होतं. दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीनंतर तिच्याच टेबलावर सात ट्रॅकर असे अडकले होते. नव्या सप्लायरचा अँटेना कमजोर होता. तासाभराने तिने ते पुन्हा लावले. तोवर त्यांना उपग्रह ठाऊक झाले होते, सातही पास. लाइनवर तर प्रत्येक ट्रॅकर तिच्याकडे येण्याआधी तासभर चालू असे, म्हणून तिचा दिवा कधी लाल होतच नसे. तेव्हापासून रोज रहाटणीच्या घरून येताना ती ठरवायची, आज सरांना सांगू. पण दिवा तिचा होता. आणि मग तनुजा आली.

सिद्धेश सर आले. पडद्याकडे पाहून त्यांनी या वेळी मैत्रीलाच विचारलं, “तुमचं काय मत? तुम्ही म्हणाल तर गाडी सोडतो. हिला महिनाभर लाइनवर बसवू, शिकेल.”

याच वाक्याची मैत्रीने दोन महिने वाट पाहिली होती. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं.

तनुजाने खुर्ची वळवली. “ताई, माझंच चुकलं असंल. मी सकाळधरनं तीनदा बघितलं, पण तुमच्यात पास झालेत म्हणल्यावर…”

तिच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. तिने मैत्रीच्या दिव्यावर स्वतःपेक्षा जास्त विश्वास ठेवला होता, आणि त्याचाच मैत्रीला सगळ्यात जास्त राग आला. जयसिंगनी घड्याळ पाहिलं.

“सर, तिची कमांड बरोबर आहे,” मैत्री म्हणाली. “चूक माझ्या चाचणीत आहे. मला दिवाळीपासून माहीत आहे. गाडी थांबवा.”