शिंपल्याच्या जागी दोन दाणे

देवळामागच्या ओट्यावर यशुनने घेवड्याचे दाणे पुन्हा मांडले आणि त्याच्या पाचावर धारण बसली.

देवीच्या जन्मापासून राजाच्या जन्मापर्यंतचे दिवस त्यानेच मोजले होते: तेरा लाख सहासष्ट हजार पाचशे साठ. असा आकडा नवसानेही मिळायचा नाही. दोनशेसाठ दिवसांच्या पवित्र फेरीने तो निःशेष भागायचा, वर्षाच्या तीनशेपासष्टांनी भागायचा, शुक्राच्या फेरीच्या पाचशेचौऱ्यांशींनीसुद्धा. तिन्ही चक्रं निघाली तिथंच परत आली, म्हणजे राजाच्या रूपाने देवीच परतली. गावभर कोको वाटला गेला. आकडा शिळेवर कोरून झाला. उद्या सकाळी ती उभी राहणार होती.

आता मात्र चाळीस दिवस जास्त निघत होते. चूक पोरकट होती. मोजणीच्या इतर घरांत वीस दाणे भरले की वरच्या घरात एक चढवायचा, फक्त खालून दुसऱ्या घरात अठरालाच. यशुनने तिथंही वीस होऊ दिले, वर एक चढवला आणि खाली घर रिकामं असल्याची खूण म्हणून शिंपला ठेवून दिला. तिथं वीस-वीस दिवसांचे दोन दाणे हवे होते. खरा आकडा तिन्हींपैकी कशानेच भागत नव्हता.

मागच्या गणकाची चुकीपायी मोडलेली बोटं यशुनने पाहिली होती. लपवलं आणि उद्या कुणी मोजलं, तर बोटांवर भागणार नव्हतं. तो पुजारी मुवानकडे गेला आणि त्याने दाणे मांडून दाखवले.

"बाबा, माझा घात झाला."

मुवानने दाणे स्वतः मोजून पाहिले आणि तो हसला. "शिळा चुकत नसते, लेका. राजाच चाळीस दिवस आधी जन्मला, असं धरू."

यशुनचा जीव भांड्यात पडला.

"खरा दिवस कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"थोरल्या राणीसाहेब तर गेल्या. आता तुम्ही, मी..." भीती उतरली तशी जीभ सैल सुटली. "आणि माझी आई. तिनंच बाळंतपण केलं ना. म्हातारी झाली, पण कुणाचाही जन्म विचारा, दिवस झटकन सांगते."

मुवानने दारातल्या भालेवाल्याकडे पाहिलं.

"तू बस. पुढच्या शिळेचं गणितही तुलाच करायचंय," तो यशुनला म्हणाला. "आई या वेळी घरीच असेल ना?"

यशुन ताडकन उठला. भालेवाला पायऱ्या उतरू लागला होता. त्याला घर विचारावं लागलं नाही. तोही तिच्याच हातावर जन्मला होता.