बेलचं बटण

गंगापूर रोडच्या एका गल्लीत मोहिनीताईंचं पाळणाघर आहे. सुमनबाई पगारे तिथं अकरा वर्षं कामाला होत्या. वर्षाच्या आतली मुलं त्यांच्याकडे असत आणि लहानमोठे सगळे त्यांना मावशीच म्हणत.

त्या दिवशी फाटकावरच्या वायरलेस बेलचं बटण निखळलं होतं. दुपारी चिकटवू म्हणून सुमनबाईंनी ते कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवलं आणि मुलांना भरवण्याच्या गडबडीत विसरून गेल्या. थोड्या वेळानं बेल वाजली. दार उघडलं तर बाहेर कोणी नाही. परत वाजली, परत कोणी नाही. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा त्यांनी खोलीत नजर फिरवली. अकरा महिन्यांचा ललित सतरंजीवर बसला होता आणि त्याच्या हातात लाळेनं माखलेलं बटण होतं.

आधी त्यानं ते चावून पाहिलं असणार आणि चावता चावता बेल वाजली असणार. आता मात्र तो अंगठा टेकवून, जोर लावून दाबत होता. आवाज भिंतीवर प्लगमध्ये खोचलेल्या बेलमधून येत होता, पण तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो बटण दाबायचा आणि दाराकडे बघायचा.

सुमनबाईंना उलगडायला वेळ लागला नाही. रोज पाचनंतर बेल वाजते, दार उघडतं आणि कुणाची तरी आई आत येते. ललितची आई तृप्ती मूळची पेठ तालुक्यातली, सरकारी कचेरीत कारकून. ती सगळ्यांच्या शेवटी, सहाला यायची. तोवर बाकीच्या सगळ्यांची बेल ललित ऐकत बसायचा.

दार काही उघडलं नाही. त्यानं बटण उलटं करून पाहिलं, पुन्हा दाबलं. सुमनबाईंनी बघितल्यापासून सात वेळा. रडला मात्र नाही.

मोहिनीताईंचं म्हणणं पडलं, ते काढून घ्या आणि टॅबवर गाणी लावा. टॅब लावला की मुलं गप्प बसायची, हे खरंच होतं. पण सुमनबाईंना वाटलं, कायमचंच काढून घेतलं तर दाबूनही आई आली नाही, एवढंच याच्या डोक्यात राहील. त्यांनी सेलच्या झाकणावर चिकटपट्टीचे चार वेढे घट्ट मारले आणि दुसऱ्या दिवशी बटण पुन्हा त्याच्या हातात दिलं. दाबलं की कुणीतरी येतं एवढं तरी त्याला दिसावं, म्हणून मुलांपाशी मोहिनीताईंना बसवून त्या स्वतः दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

बेल वाजली. सुमनबाई आत आल्या. ललितनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं आणि भोकाड पसरलं.

"उगाच रडवलंत, मावशी," मोहिनीताई म्हणाल्या.

 सुमनबाईंनी त्याला खांद्यावर घेऊन शांत केलं. संध्याकाळी तृप्ती आली तेव्हा तिला सगळं सांगितलं, तो रडला तेही लपवलं नाही. 

"काल किती वेळा दाबलं त्यानं?" तिनं विचारलं.

"दोनतीनदा," सुमनबाई म्हणाल्या. खरा आकडा त्यांना सांगवेना.

तृप्तीनं ललितला कडेवर घेतलं. "उद्याही करून बघा, मावशी. मला काही पाचला येता यायचं नाही."

तिसऱ्या दिवशी ललितनं सुमनबाईंच्या मागे पाहिलं नाही. पाचव्या दिवशी दार उघडायच्या आधीच तो हात वर करून हसत होता. त्याला कळलं होतं, या बटणानं मावशी येते. मग त्यानं आणखी एक खेळ काढला. सुमनबाई समोर बसलेल्या असल्या तरी बटण दाबायचा आणि त्या उठून बाहेर जाऊन पुन्हा आत येईपर्यंत त्यांच्याकडे बघत राहायचा. सुमनबाईंचे गुडघे दुखायला लागले. फाटकाला मोहिनीताईंनी दुसरी बेल बसवून घेतली, चिवचिवणारी.

आठवड्यानंतरची गोष्ट. ललित रांगत सात महिन्यांच्या पायलजवळ गेला. तिच्या हातात बटण ठेवलं आणि तिच्या बोटांवर आपला हात दाबला. बेल वाजली तशी पायल दचकली आणि रडावं की नाही अशा तोंडानं त्याच्याकडे बघत राहिली. ललितनं तिचा हात सोडला नाही. दोघं तशीच बसून राहिली. सुमनबाई उठून बाहेर गेल्या आणि दार उघडून आत आल्या.