मला बोलायला लावणारे

मित्रांनो, मी एक जुने व्हायोलिन आहे. थकले आहे, म्हणून थोडक्यातच सांगते. कुठे चुकले तर सांभाळून घ्या.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. नंतर चाळीस वर्षे मी एका मास्तरांच्या हनुवटीखाली काढली. टाळ्या पडल्या की मास्तर स्वतः मागे सरत आणि मला पुढे करत.

मास्तर गेले. मला विसावा मिळावा म्हणून त्यांच्या पत्नीने, म्हणजे बाईंनी, माझ्या चारही तारा सैल करून मला पेटीत ठेवले. माया खरी, पण तिथेच चुकले. माझ्या पोटात पेन्सिलीएवढी एक काठी असते. ती तारांच्या दाबावरच उभी राहते. दाब गेला आणि काठी आडवी झाली. तीन वर्षे मी मुके पडून होते.

मग बाईंच्या नणंदेने ठरवले, मला काचेत घालून भिंतीवर लावायचे. त्या दोघी मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेल्या.

"नुसतं पॉलिश करा," नणंदबाई म्हणाल्या. "खाली पाटी लावू, 'थोर वादक'."

त्याने मला हलवले. आत काठी खुळखुळली.

"वादक म्हणजे काय, ठाऊक आहे? वद् म्हणजे बोलणं. वादक म्हणजे बोलायला लावणारा. मुक्या लाकडाखाली ही पाटी शोभेल का, ताई?"

"वहिनी, ऐकलंस ना? पॉलिशला आलो, हा दुरुस्ती गळ्यात मारतोय!"

"काठी उभी करा," बाई त्याला म्हणाल्या.

माझ्या अंगावरच्या फटीतून वाकडी सळई घालून त्याने काठी उभी केली, एकेक तार चढवली. बाईंनी घाबरत गज ओढला. मी असे किंचाळले, की माझी मलाच लाज वाटली.

नणंदबाईंनी कान झाकले. "अगं, हे काय बोलणं? हे तर भांडण!"

"भांडू दे, वन्सं. तीन वर्षं घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही."

पाटी लावायची राहिलीच. आता बाई रोज सकाळी मला पंधरा मिनिटे छळतात. अंग ठणकते, सूर लागत नाही. तरी पुन्हा पेटीत जावेसे वाटत नाही.

मित्रांनो, घरात एखादे वाद्य पडून असेल तर ते वाजवा. वाईट वाजले तरी चालेल. आणि थकलेल्याला विसावा जरूर द्या, पण त्याच्या सगळ्या तारा एकदम सोडू नका.