झरा राखणारी म्हातारी

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावजवळ रस्त्याचं काम निघालं होतं. दुपारच्या सुट्टीत बाया खडीच्या ढिगाआड कामावर मिळणारी सुकडी खायला बसत. सकाळची शाळा सुटली की शिक्षिका मनकर्णाबाई तिथं येऊन त्यांना मुलांची एक जुनी अद्भुत कादंबरी वाचून दाखवत. डोंगरावर झरा अडवून बसलेली म्हातारी चेटकीण, खाली तहानलेलं राज्य. दहा वर्षं त्या ही गोष्ट वर्गात शिकवत होत्या.

त्या दिवशी शेवट आला. राजपुत्रानं चेटकिणीला कड्यावरून लोटलं, झऱ्यावरची शिळा फोडली, सगळं पाणी धो धो खाली गेलं. बाईंनी पुस्तक मिटून वर पाहिलं. कुणीच खूश दिसेना.

"म्हातारीनं कुनाला मारलं हुतं का?" बानूनं विचारलं. कामावरचं पाण्याचं पिंप तिच्या ताब्यात असे.

"नाही. पण पाणी दडवलं ना तिनं."

"दडवलं का राखलं?"

बाईंनी पानं चाळली. वर चढून येईल त्याला चेटकीण रोज एक ओंजळ देई, असं एक वाक्य होतं खरं. आजवर ते कधी डोळ्यांत भरलं नव्हतं.

"ओंजळीनं काय हुतंय?" रंगुबाई उसळली. "काल माझी पोरगी तापानं फणफणली हुती, तरी ह्या बानूनं दुसरा तांब्या दिला न्हाई. राजपुत्रानं केलं तेच बरोबर!"

"आन् काल सगळं वाटलं असतं तर आज काय पेली असतीस? टँकर आलाय का?"

दोघी बाईंकडे वळल्या. "तुमी सांगा, कोन चुकलं?"

बाईंना दोघींचंही पटत होतं.

मुकादमाची शिट्टी झाली. बानूनं स्वतःच्या वाट्याचा झाकून ठेवलेला तांब्या उचलला आणि रंगुबाईच्या हातात दिला. रंगुबाईनं डोळे पुसले.

"तरी काल द्याया पायजे हुतं."

"न्हाई," बानू म्हणाली. "पिंपातलं न्हाई."

बाई तोच प्रश्न डोक्यात घेऊन घरी आल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात याच गोष्टीवर चाचणी होती. 'या गोष्टीतून कोणता बोध मिळतो?' असं फळ्यावर लिहून त्यांनी पुसलं, आणि लिहिलं, 'चेटकीण वाईट होती का?'

"बाई, काय लिहायचं?" मुलांनी गलका केला.

"तुम्हाला वाटेल ते," त्या म्हणाल्या. "मला अजून कळलेलं नाही."

वह्या तीन दिवस टेबलावर पडून राहिल्या. बरोबरची खूण कुठं करावी, हे त्यांना ठरवता आलं नाही.