नऊ किलो जास्त

समुद्रावरून येणारा माणूस आणि आकाशातून येणारा माणूस ही देवाने वेगवेगळ्या दिवशी घडवलेली माणसं आहेत. पहिल्याला बेट भेटतं, दुसऱ्याला ते नुसतं सापडतं. इनिश लीआ बेटाचा फेरीबोटवाला फेस्टी फोलन हा सिद्धान्त गेली बावीस वर्षं मांडत आला होता. पबमध्ये, धक्क्यावर, आणि एकदा तर थेट चर्चच्या पायऱ्यांवर, कोणाच्या तरी बारशानंतर. ऑक्टोबरमधल्या त्या शनिवारी सकाळी साडेअकराला मात्र तो अलीकडच्या किनाऱ्यावरच्या विमानतळावर, वजनकाट्याच्या रांगेत, चौथा उभा होता.

समोर जर्मन पर्यटक युर्गन उभा होता. त्याने आदल्याच दिवशी धक्क्यावर फेस्टीला विचारलं होतं, की बेटावर जायला फेरीबोट बरी की विमान. फेस्टीने त्याला चाळीस मिनिटं उत्तर दिलं होतं. युर्गनने ते वहीत लिहून घेतलं, आभार मानले आणि विमानाचं तिकीट काढलं.

आता त्याने मागे वळून पाहिलं. "तुम्हीसुद्धा?"

"मी कामानिमित्त आलोय," फेस्टी म्हणाला.

काम म्हणजे मुलीचं लग्न. मुइरिनचं लग्न दुपारी दोन वाजता बेटावरच्या चर्चमध्ये होतं. फेस्टी आदल्या संध्याकाळी बोट घेऊन तीन गोष्टी आणायला अलीकडे आला होता: थोरली बहीण डेलिया, तिने केलेला तीन मजली केक, आणि फादर कॉरमॅक, कारण आसपासच्या तीन बेटांना मिळून पाद्री एकच होता. रात्री वारा उलटला. सकाळी फेस्टीने धक्क्यावर जाऊन लाटा पाहिल्या. तिसऱ्या पायरीवर पाणी फुटत असेल तर बोट सुटत नाही, हा त्याचा नियम. या नियमाने त्याने आजवर दोन लग्नं, एक फुटबॉलची अंतिम लढत आणि एका मंत्र्याचा दौरा बुडवला होता. लोक हातापाया पडत, तेव्हा तो म्हणे, "समुद्र कोणाची पत्रिका वाचत नाही." त्या सकाळी पाणी तिसऱ्या पायरीवर फुटत होतं. फेस्टीने आपल्या हाताने पाटी लावली, 'आज बोट नाही', आणि पाटीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग मुइरिनचा फोन आला.

"बाबा, विमान उडतंय."

"उडू दे."

"दोन वाजता मी चर्चच्या दारात उभी असेन. पाच मिनिटं वाट बघेन. मग ज्याचा हात मिळेल तो धरून आत जाईन. पोस्टमनचासुद्धा."

बोट की विमान या बेटावरच्या वादात पोस्टमन विमानपक्षाचा होता. फेस्टी विमानतळावर आला.

विमानतळ म्हणजे एक खोली, एक किटली आणि एक वजनकाटा. विमान लहान, त्यात त्या दिवशी नेहमीचं दुरुस्तीला गेलेलं आणि त्याहून लहान आलेलं, त्यामुळे प्रत्येक माणसाला सामानासकट काट्यावर उभं राहावं लागे. काट्यावरचा आकडा डोनल वाचायचा आणि खिडकीतून बाहेर विमानाजवळ उभ्या पायलटला ओरडून सांगायचा. आवाज वाऱ्यावर धक्क्यापर्यंत जाई. या पद्धतीमुळे अख्ख्या परिसराला एकमेकांची वजनं पाठ होती, आणि नाताळानंतर फादरचं किती वाढलं यावर पबमध्ये पैजा लागत.

हा डोनल बावीस वर्षांपूर्वी फेस्टीच्या बोटीवर खलाशी होता. विमानतळ सुरू झाला त्या दिवशी त्याने हातातला दोर खाली ठेवला, "येतो, कॅप्टन," म्हणाला आणि रस्ता ओलांडून इकडे आला. तेव्हापासून फेस्टी त्याच्याशी एक शब्द बोलला नव्हता. बेटावर दोघांची घरं समोरासमोर होती (डोनल रोज विमानाने ये-जा करी), त्यामुळे न बोलायला रोज संधी मिळे.

"डेलिया, त्रेसष्ट!" डोनल खिडकीतून ओरडला.

"गुडघ्याचा पट्टा धरून," डेलियाने खिडकीतून पुस्ती जोडली.

"फादर, चौऱ्याण्णव!"

फादर कॉरमॅकनी डोळे मिटून घेतले.

"पाहुणे, एकशे सात, पिशवीसकट! केक, सोळा! टपाल, बारा! औषधं, पाच!"

मग फेस्टी काट्यावर चढला. पायांत गुडघ्यापर्यंतचे गमबूट, अंगात जाड स्वेटर आणि त्यावर दर्यावरचा मेणकापडी कोट. पबमध्ये तो आपलं वजन पंचाण्णव सांगत असे.

"डेलिया," तो काट्यावरून म्हणाला, "त्याला सांग, आकडा हळू आवाजात सांगितला तरी चालेल."

"डोनल, तो म्हणतोय हळू सांग."

"पायलटला ऐकू येत नाही हळू सांगितलं तर," डोनल डेलियाला म्हणाला आणि छाती भरून घेतली. "कॅप्टन, एकशे बारा!"

धक्क्यावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

डोनलने बेरीज केली, पुन्हा केली, आणि पेन्सिल कानावर ठेवली. "नऊ किलो जास्त. बेटावरची धावपट्टी ओली आहे, पायलट एक किलोही सोडणार नाही. पुढची फेरी चार वाजता."

युर्गन म्हणाला, "मी थांबतो. मला घाई नाही. मी उद्याही जाऊ शकेन."

"काय बोलता!" डेलिया दचकली. "पाहुण्याला मागे ठेवून घरच्यांनी लग्नाला जायचं?"

"निदान माझी पिशवी..."

"आणि तुम्ही तिकडे काय, ओले मोजे घालून फिरणार? लोक आमच्या तोंडात शेण घालतील." तिने त्याला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं. "बसा गुपचूप."

युर्गन बसला. जाण्याची इच्छा नसलेला खोलीतला तो एकमेव माणूस होता, आणि त्याचं जाणं तेवढं नक्की झालं होतं.

"मग डेलिया थांबेल," फेस्टी म्हणाला.

"सहा आठवडे रोज त्या केकला चमचा चमचा व्हिस्की मी पाजली, आणि कापताना मी नाही? तू थांब."

"मी मुलीचा बाप आहे!"

"तर मग बापाने वेळेवर बोट सोडायची होती."

"तिसरी पायरी, डेलिया! तिसऱ्या पायरीवर पाणी होतं!"

"ती पायरी घाल तुझ्या गळ्यात."

फादर कॉरमॅकनी घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. "माझंही थांबणं बरं दिसणार नाही," ते चिंतेने म्हणाले. "मी पोचायच्या आत लग्न लागून गेलं तर बिशपला काय सांगू?" सगळ्यांनी सहानुभूतीने मान डोलावली. मग फादरांची नजर केकच्या खोक्यावर गेली आणि तिथेच थांबली. "डेलिया, खालचा मजला किती किलोचा?"

"नऊ. का?"

फादर नुसते तिच्याकडे पाहत राहिले.

डेलियाला रडू फुटायचं बाकी होतं. पण भावाच्या मुलीचं लग्न, वेळ दुपारी दोनची, आणि सुचवणारे साक्षात फादर. तिने पर्समधून सुरी काढली. अशा बायकांच्या पर्समध्ये सुरी असते.

"पण," युर्गन उठून म्हणाला, "यात एक अडचण आहे. वजन जे आहे ते..."

"आधी खा, मग बोला," डेलियाने त्याच्या हातात विटेएवढा तुकडा ठेवला.

सगळे खायला बसले. फळांनी ठासलेला, व्हिस्कीत मुरलेला तो केक घशाखाली उतरायला वेळ लागत होता, म्हणून डोनलने किटली चढवली. चहा झाला. दुसऱ्यांदा चहा झाला. फेस्टीने चार तुकडे खाल्ले, प्रत्येक तुकडा मुलीसाठी. फादरांनी पाच खाल्ले आणि कोणासाठी ते सांगितलं नाही. पायलटलाही खिडकीतून दोन दिले. तरी चार-पाच किलो उरलाच. अन्न टाकून जाणं डेलियाच्या रक्तात नव्हतं, तेव्हा तिने उरलेला केक चांदीच्या कागदात गुंडाळून प्रत्येकाच्या खिशात कोंबला. मग तोंडं पुसून सगळे प्रसन्न चेहऱ्याने काट्यावर गेले.

डोनलने बेरीज केली. पेन्सिलीचं टोक चावलं.

"अकरा किलो जास्त."

"नऊ होतं ना मघाशी?" फादर म्हणाले.

"दोन किलो चहा."

युर्गनने हात वर केला, पण आता त्याच्याकडे बघायचं धैर्य कोणात नव्हतं.

एक वाजून पंधरा मिनिटं झाली होती. फेस्टीच्या कपाळावर घाम आला. त्याला मुइरिन दिसली, चर्चच्या दारात, वाऱ्यावर उडणारी डोक्यावरची झिरझिरीत ओढणी एका हाताने धरलेली, आणि शेजारी हात पुढे करून उभा असलेला पोस्टमन. पोस्टमनने नवा कोट घातला होता. फेस्टीने आपला कोट उतरवला.

कोटाच्या खिशांतून केक निघाला, तसं बाकीचंही बरंच निघालं. इंजिनाच्या चाव्यांचा जुडगा. नट आवळायचे दोन पाने. लोखंडी साखळीचा वीतभर तुकडा. पाण्याची खोली मोजायचा शिशाचा गोळा.

"हे कशाला?" फादरांनी गोळा उचलून पाहिला.

"समुद्रावर लागतं."

"विमानात?"

"मला विमानाची सवय नाही, फादर."

मग गमबूट गेले. स्वेटर गेला. कमरेचा पट्टा गेला. फेस्टी बनियनवर, मोज्यांत, एका हाताने पँट धरून काट्यावर उभा राहिला. तीस वर्षं त्याला समुद्रावर पाहिलेल्या माणसांपैकी कोणी त्याला एवढं लहान पाहिलं नव्हतं. खिडकीबाहेर बघ्यांची संख्या सातावर गेली होती.

"कॅप्टन, एकशे तीन आणि थोडं!" डोनल ओरडला.

"खिशातला केक निघाला, तो कुठे गेला?" डेलियाने विचारलं.

"टेबलावर आहे."

"मग तो मी घेते," ती म्हणाली आणि पर्समध्ये टाकला.

डोनलने बेरीज केली. "एक किलो जास्त."

"डेलिया, त्याला सांग..." फेस्टी म्हणाला आणि थांबला. डेलिया केकचं खोकं पुन्हा बांधत होती, तिचं लक्ष नव्हतं. फादर पोटावर हात ठेवून बसले होते. एक वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. सांगायला मध्ये कोणी उरलंच नव्हतं. फेस्टीने काट्यावरूनच मान वर केली आणि समोर बघितलं. डोनलचे केस पिकले होते. हे त्याने समोरच्या घरातून रोज पाहिलं होतं, पण इतक्या जवळून नाही.

"डोनल," तो म्हणाला, "मला लग्नाला पोचायचंय."

डोनलने हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"हो, कॅप्टन," डोनल म्हणाला. "मग टपालाची थैली काढू या."

"काय?"

"बारा किलो आहे. उद्या बोटीने गेली तरी चालते. फक्त बोटीच्या कॅप्टनने स्वतः तशी मागणी करून सही द्यावी लागते." त्याने टेबलाच्या खणातून कागद काढला. कागद सकाळीच भरून ठेवलेला होता, सहीची जागा तेवढी कोरी. "इथे."

"सकाळी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझ्याशी बोलत नाही ना, कॅप्टन."

"मी बोलत नाही! तू तर बोलू शकत होतास!"

डोनलने क्षणभर विचार केला. "ते बरं दिसलं नसतं. तुम्ही सुरू केलेलं."

फेस्टीने सही केली. बाहेर पंखा फिरू लागला होता. कपडे चढवायला वेळ नव्हता. डोनलने पळत येऊन पट्टा तेवढा त्याच्या हातात दिला आणि विमानाचं दार बाहेरून लावताना म्हणाला, "मुइरिनला माझ्याकडून शुभेच्छा सांगा."

"स्वतः सांग. घर समोर आहे तुझं," फेस्टी ओरडला. पंख्याच्या आवाजात ते ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

विमान वर गेलं. फेस्टीने डोळे मिटले, मग एक उघडला. खाली त्याची सामुद्रधुनी होती. हिच्यावर त्याने तीस वर्षं काढली होती, हिच्या एकेका लाटेचे किस्से सांगून अनेकांना रडवलं होतं. वरून ती सुरकुतलेल्या चादरीसारखी दिसत होती. एका टोकाला धक्का, दुसऱ्या टोकाला धक्का, मध्ये हातभर पाणी. धक्क्याला त्याची बोट बांधलेली होती, बशीएवढी.

"सुंदर आहे ना?" युर्गन म्हणाला. त्याच्या मांडीवर चांदीच्या कागदातला केक होता.

"उंचीवरून काही कळत नाही," फेस्टी म्हणाला. पण दुसराही डोळा त्याने उघडला आणि सातही मिनिटं खिडकीतून काढला नाही.

बेटावर उतरल्यावर फाटक लागलेलं होतं आणि फाटकाची किल्ली ज्याच्याकडे असते तो चर्चमध्ये होता. कुंपण ओलांडण्यात दहा मिनिटं गेली, डेलियाला ओलांडवण्यात पाच, केकला दोन. मग फेस्टी धावत सुटला. मोज्यांत, बनियनवर, गाईंच्या वाटेने, मागे धापा टाकत फादर आणि त्यांच्या मागे दोन मजल्यांचा केक डोक्यावर घेतलेला युर्गन. चर्चच्या घड्याळात दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती.

मुइरिन दारातच उभी होती. पोस्टमन शेजारी उभा होता, नव्या कोटात, हात कोपरात वाकवून.

फेस्टीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते वाऱ्याने नव्हतं. "थांबलीस," तो म्हणाला. "माझ्यासाठी बावीस मिनिटं थांबलीस, पोरी."

मुइरिनने त्याच्या बनियनकडे पाहिलं, मोज्यांकडे पाहिलं, आणि मग त्याचा हात धरला.

"लग्न कोण लावणार होतं, बाबा?" ती म्हणाली. "फादर तुझ्या विमानात होते."