आदरणीय-दादास

बिजागऱ्या, कड्या आणि कोयंड्यांच्या या घाऊक पेढीत एक नियम होता. कशावरही काही लिहायचं झालं, तर आधी 'आदरणीय दादासाहेब'. पाटीवर, टेम्पोवर, खोक्यांवर, अगदी झाडूच्या दांड्यावरसुद्धा. खुद्द दादासाहेब चांगले ठणठणीत होते. रोज कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे आणि त्यांना कुणी काही विचारत नसे. मान पूर्ण, अधिकार शून्य; बऱ्याच घरांचा ताळेबंद असाच जुळतो.

नियम राखायचं काम थोरल्या मुलाकडे होतं. धाकट्या सुनेने नवा युनिक्स सर्व्हर बसवायला घेतला, तेव्हा त्याचं फर्मान निघालं. "तो जुना मेकॅनिक 'पीसी वन, पीसी टू' अशी नावं ठेवून गेला. पोरका कारभार! आता प्रत्येक मशीनचं नाव दादासाहेबांपासून सुरू झालं पाहिजे."

लग्न होऊन आल्यापासून धाकटी पेढीचे फोन घेत होती. सर्व्हरचं काम तिने भांडून मिळवलं होतं. थोरल्याने ते दिलं, पण अट घालून. संध्याकाळी शटर पडायच्या आत बिलं निघाली नाहीत, तर मेकॅनिकला बोलावणं जाणार आणि ती परत फोनपाशी.

सर्व्हरचं नाव इंग्रजी अक्षरांत 'आदरणीय-दादासाहेब-सर्व्हर' ठेवलं. युनिक्स मोठ्या मनाचा, त्याने ते निमूट गिळलं. मग टेबलांवरच्या जुन्या मशीनींची पाळी आली. 'आदरणीय-दादासाहेब-थोरले', 'आदरणीय-दादासाहेब-धाकटे'. इथे पडद्यावर एक सूचना उगवली.

"भाऊजी, नाव लांब झालंय म्हणतंय. जरा वाचू द्या."

"ओके दाब गं. त्याला काय, बडबडायची सवयच असते."

"अहो पण..."

"वाचत बसलो असतो तर एवढी पेढी उभी राहिली असती का?" असं म्हणून थोरल्याने स्वतःच बटण दाबलं. पेढी दादासाहेबांनी उभी केली होती, पण ते पेपरात होते.

जेवणानंतर मशीनी पुन्हा सुरू केल्या. धाकटा भाऊ भरभर जेवतो, त्यामुळे त्याची आधी लागली. थोरल्याची लागली आणि रुसली: 'या नावाची मशीन नेटवर्कवर आधीच आहे.' बिलाची मशीन सर्व्हरला हाका मारत होती आणि धाकट्याच्या मशीनशी जाऊन भांडत होती. काउंटरवर गिऱ्हाईक बोटं वाजवू लागलं.

"माझं नाव घेतलं कुणी?" थोरला गरजला.

"तुमच्या भावाने," धाकटी म्हणाली. "म्हणजे त्याच्या मशीनने. या जुन्या मशीनी पंधरा इंग्रजी अक्षरांपुढे ऐकतच नाहीत. 'आदरणीय-दादास', इथे पंधरा संपली. पुढे थोरले लिहा, धाकटे लिहा, नाहीतर सर्व्हर लिहा, त्यांना सगळे सारखेच. ओळख आधी लिहू, मान मागून."

"दादासाहेबांच्या आधी दुसरं काही? मी असेपर्यंत नाही!" त्याने मोबाइल काढला आणि मेकॅनिकचा नंबर शोधू लागला.

पण धाकटी मानापमानाच्या वाटेला गेली नाही. शांतपणे म्हणाली, "बोलवा. त्यालाही पंधराच अक्षरं मिळणार. आणि तोवर, भाऊजी, मशीनच्या लेखी या पेढीत थोरलं कुणी नाही. जो आधी चालू करेल, तो."

"मी उद्यापासून आणखी लवकर येत जाईन," तिचा नवरा भाबडेपणाने म्हणाला. संसारात एवढ्या नेमक्या वेळी तो पहिल्यांदाच बोलला होता.

थोरल्याचा अंगठा मोबाइलवर तसाच थबकला. "'थोरले' पुढे घे," तो पुटपुटला.

"आणि दादासाहेब?"

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. पेपर खाली आला. "आज आठवण झाली होय रे? काढा मला त्यातून. झाडूवर आहे तेवढं पुष्कळ झालं."

थोरल्याचा चेहरा पडला. तेव्हा धाकटीने तोडगा काढला. सर्व्हरमध्ये शिरताना स्वागताचा मजकूर दिसतो, त्याला पंधराची अट नाही. तिथे हवं तेवढं लिहावं. थोरला खुलला आणि सांगू लागला. दादासाहेबांचं कर्तृत्व, करारीपणा, कड्यांची पारख. तो 'दूरदृष्टी'पर्यंत पोचला तोवर तिने सर्व्हरचं नाव 'कोठार' केलं, मशीनींचं 'थोरले', 'धाकटे' आणि 'बिल'. प्रिंटर खरखरला. गिऱ्हाईक बिल घेऊन, उन्हं कलायच्या आत, बाहेर पडलं.

थोरल्याने मोबाइल खिशात टाकला. मग जरा घुटमळला.

"गोदामातल्या मशीनी कधी करतेस?"

"उद्या करते. पण नावं मी ठेवणार."

"ठेव बाई. फक्त माझं धाकट्याच्या खाली येऊ देऊ नकोस."

तिने मान डोलावली. मशीनींची यादी इंग्रजी अक्षरक्रमाने लागते, आणि त्या क्रमात 'टी'वरून सुरू होणारे 'थोरले' कुठे पडतात, हे गोदामाची किल्ली हातात येईपर्यंत तिने पोटातच ठेवलं.