घटावरची लेक

बाळांनो, डोळ्यांपुढे एक तांबडा घट आणा. त्याच्या पोटावर काळ्या रंगात एक बाई उभी आहे, हातात गव्हाच्या ओंब्या. तिच्यासमोर जमिनीतून एक मुलगी वर येते आहे, कमरेपर्यंत. आणि हा घट कर्जतच्या कडूबाई कुंभारणीच्या घरी, देवापुढच्या परडीत, ओल्या मातीत बसला आहे.

चित्र मार्तंड सरांनी काढलं होतं, शाळेतल्या मुलांना जुन्या ग्रीक भांड्यांवरची शेतीची गोष्ट सांगायला, आणि घट भाजायला कडूबाईकडे ठेवला होता. पण नवरात्राच्या बाजारात कडूबाईचे सगळे घट खपले, घरच्यासाठी सरांचाच उरला. तिनं तोच मांडला.

पाचव्या माळेला सर घट न्यायला आले.

"आता कसा देऊ, सर? बसलेला घट हलवत न्हाईत," कडूबाई म्हणाली. "पर ही पोरगी कोन?"

"त्या बाईची लेक. पाताळात नेली होती. ती वर आली की धान्य उगवतं, असं जुने ग्रीक लोक मानायचे."

कडूबाईची लेक शोभा याच उन्हाळ्यात वारली होती. शोभाची मनवा तेव्हापासून आजीकडेच होती आणि आईचं नावही काढत नव्हती.

"मंग बघा की," कडूबाई हळूच म्हणाली. "धान फकस्त तिच्याच बाजूला उगवलंय."

सर वाकले आणि तसेच मागे सरकले. "मी हिला कमरेपर्यंतच काढली होती. हा पाय कुणी काढला?"

"मला काय ठावं? मला वाटलं माती खचली, म्हनून दिसाय लागला."

पिवळ्या कोंबांमध्ये एक काळं पाऊल टेकलेलं होतं. बोटात जोडवं.

"ग्रीक बायका जोडवी घालतात व्हय, सर?"

सरांनी पायांत चपला सरकवल्या. "उचला तो घट. आजच उचला."

ते गेल्यावर कडूबाई परडीपुढे बसली. शोभा येत असेल, तर येऊ दे. पण पोरीला न्यायला येत असेल तर? तिनं दोन्ही हातांनी घट धरला. पाण्यानं भरलेला घट अंगासारखा कोमट लागला.

"आज्जे, थांब." मनवा दारात उभी होती. "तिचा एक पाय अजून मातीत हाय."

कडूबाईचे हात तिथंच राहिले.

मनवा आत आली, परडीपुढच्या गोणपाटावर मांडी घालून बसली. मग थोडी सरकली आणि शेजारी एका माणसापुरती जागा केली.